बुजवलेल्या कानांचा देव

समोर बसलाय तो हाकोबा. नीट बघा, त्याचे कान तुम्हाला दिसणार नाहीत. दोन्ही बाजूंना चिकणमातीचे गोळे थापलेत ना, त्यांच्याखाली आहेत. नमस्कार करा, हरकत नाही. फक्त काही मागू नका. आमच्या ऐलार गावात कोणीच मागत नाही.

का, ते सांगतो. बसा इथे पायरीवर.

जग घडलं तेव्हा चार देव होते, असं सांगतात. थोरल्या उगमनाथाने उजेड घेतला. झुळाईने पाणी घेतलं. ही खाली वाहते ती झुळाईच. निजाईने माणसाचा शेवटचा श्वास घेतला. धाकटा हाकोबा उशिरा पोचला, तोवर वाटायला काही उरलंच नव्हतं. मग तिघांनी त्याला म्हणे कान दिले. म्हणाले, माणसं जे मागतील ते ऐकायचं आणि करायचं. चांगलं कुठलं, वाईट कुठलं, हे ओळखायची बुद्धी मात्र त्याला कोणी दिली नाही. ती तिघांनी आपल्यापाशीच ठेवली.

नदीपलीकडे तेव्हा पैलार नावाचं गाव होतं. दोन्ही गावांत रोटीबेटीचा व्यवहार. इथल्या हरणी नावाच्या कुंभारणीने आपली लेक पाकळी तिकडेच दिली होती. हरणीचा नवरा वारलेला. घरात ती आणि पाकळीच्या पाठीवर उशिरा झालेला मुलगा, एवढीच माणसं.

एका उन्हाळ्यात ऐलारला ताप आला. आधी बोटं राखेच्या रंगाची व्हायची, मग माणूस जायचं. घराघरांत अंथरुणं पडली. पैलारच्या लोकांनी पाठ फिरवली नाही. नदीच्या मधोमध तो खडक आहे ना, त्याच्यावर ते रोज पेजेची मडकी आणून ठेवायचे. इकडची माणसं जाऊन ती उचलून आणायची.

ऐलारने देवांना साकडं घातलं. उगमनाथ बोलला नाही. झुळाई बोलली नाही. हाकोबा तेवढा बोलला. गाभाऱ्यातून आवाज आला म्हणे, "निजाई एकदा आली की रिकाम्या हाताने परतत नाही. तिला मी थांबवू शकत नाही. दुसरीकडे धाडू शकतो. कुठे धाडू ते सांगा. सगळ्यांनी एका आवाजात सांगा."

गावचा मुखिया होता भोरप. वाईट माणूस नव्हता तो. त्याची दोन मुलं गेली होती, तिसरा अंथरुणाला खिळला होता. त्याने गाव देवळापुढे गोळा केलं आणि हात लांब करून पैलतीर दाखवला.

हरणी पुढे आली. म्हणाली, "भोरपदादा, माझी पाकळी तिकडे नांदते. दिवस गेलेत तिला."

"ठाऊक आहे मला," भोरप म्हणाला. "तुझा धाकटा कसा आहे?"

पोराची बोटं त्या सकाळीच राखाडी झाली होती.

"मग तूच सांग," भोरप म्हणाला. "कुठे धाडायचं? तू म्हणशील तिथे धाडू."

तुम्हाला काही उत्तर सुचतंय का बघा.

मग गाव ओरडलं. "पैलारला!" पुढचं सांगताना आमच्यात दोन तऱ्हा आहेत. पुरुष सांगतात, हरणी तोंडात पदर कोंबून उभी होती. बायका सांगतात, तीही ओरडली. मला बायकांचं खरं वाटतं. देवाने एक आवाज मागितला होता, आणि देवाने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ऐलारमधली माणसं उठून बसली. हरणीच्या पोराने भाकरी मागितली. तिने ती त्याच्या हातात दिली आणि नदीकडे धाव घेतली. भोरपने होड्या वर ओढून पालथ्या घातल्या होत्या, ताप परत येऊ नये म्हणून. ती पाण्यात शिरली आणि पोहत गेली.

पैलारमध्ये चुली विझलेल्या होत्या. गुरं दावणीला हंबरत होती, पण त्यांना पाणी दाखवायला कोणी उठत नव्हतं. पाकळी दारातच भिंतीला टेकून बसली होती. हात पोटावर, बोटं राखेसारखी.

"आई, तू कशाला आलीस?" ती म्हणाली. "बाळ्या कसा आहे?"

"बसला उठून. भाकरी खाल्ली."

पाकळी हसली. "आम्ही रोज काठावर उभं राहून हाकोबाला हाक मारत होतो, माझ्या माहेरच्यांना सोड म्हणून. ऐकलं म्हणायचं त्याने."

हरणीने तिचं डोकं मांडीवर घेतलं. खरं काय ते सांगितलं नाही. ऊन उतरायच्या आत पाकळी गेली, आणि पोटातलं तिच्याबरोबर गेलं.

लेकीला पुरल्यावर हरणीने त्याच खड्ड्याची ओली माती ओच्यात भरली आणि परत आली. ओलेत्याने या पायऱ्या चढून सरळ गाभाऱ्यात शिरली.

"तुला कळलं कसं नाही?" तिने विचारलं. "माझी लेक होती ती."

हाकोबा म्हणाला, असं सांगतात, "तुझा आवाज सगळ्यात मोठा होता."

तेव्हा तिने ती माती देवाच्या कानांत भरली. कुंभारणीचा हात, फट राहू दिली नाही. भोरप काठी घेऊन धावत आला. ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "अजून काही मागायचं राहिलंय का, दादा?" भोरपने काठी खाली टाकली.

तेव्हापासून हाकोबा कोणाचंच ऐकत नाही. पाऊस हुकला तरी नाही, पोर तापलं तरी नाही. वर्षातून एकदा आभाळातले दोन्ही चंद्र एकाच रात्री पुरे भरतात, तेव्हा त्या वर्षी ज्यांनी लेक सासरी धाडली ते आईबाप येऊन कानांवर ताजी माती लिंपतात. मध्ये कधी कोणाच्या घरात फार दुखणं असलं की माती नखाने उकरल्याच्या खुणा दिसतात. कोणी विचारत नाही. पुन्हा लिंपून टाकतो.

हरणी पुष्कळ जगली. पैलारमध्ये कोणी उरलं नव्हतं. त्या पावसाळ्यात पलीकडची शेतं नांगराची वाट बघत पडून होती. पहिला नांगर भोरपच्या वाचलेल्या मुलाने घातला, पुढे मोठा झाल्यावर हरणीच्या मुलाने. तिने तिथला दाणा तोंडात घातला नाही म्हणतात. मुलाने घातला. आम्ही सगळे त्या दोन पोरांचेच वंशज.

आजही पैलारला कोणी घर बांधत नाही, संध्याकाळ झाली की तिकडे कोणी थांबत नाही. जमीन मात्र फार उत्तम आहे. दुपारी तुम्ही जेवलात आणि तांदळाची एवढी तारीफ केलीत, तो भात तिथलाच.