हौसाबाईचा बांध आणि अंबाडीची परी

बरोबर सहा वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. सूर्य अजून डोंगरामागं डोळे चोळत होता. टेकडीखालच्या इवल्याशा झोपडीत शेवंता शिळ्या भाकरीचा तुकडा कुरतडत होती. तिचे दादा, म्हणजे वडील म्हसू, नांगराची दोरी आवळत होते.

"आज बांध नांगरून टाकतो," दादा म्हणाले. "ज्वारीच्या दोन ओळी वाढतील."

शेताच्या कडेच्या त्या लांबट उंचवट्यावर शेवंताची आई हौसाबाई घेवडा, दोडका, अंबाडी लावायची आणि बाजारात विकायची.

"अवो, मग माझी भाजी?"

"ती काय शेती व्हय? घर चालतंय माझ्या ज्वारीवर."

"हां. तेल-मीठ बी कणसालाच लागत असंल," आई म्हणाली आणि चुलीकडं वळली. पण तिचा आवाज ओला झाला होता.

बांध गेला तर आईचा बाजार गेला. शेवंता हातातल्या भाकरीसकट तशीच अनवाणी बांधाकडं पळाली.

तिथं दव चमचमत होतं. जांभळ्या-जांभळ्या घेवड्याच्या वेलात काहीतरी लुकलुकलं. बघते तर बोटाएवढी परी. तिचे पंख अंबाडीच्या फुलासारखे पिवळेधमक, आणि एक पंख दवानं भिजून पानाला चिकटलेला. शेवंतानं हळूहळू फुंकर घालून तो सोडवला. उरलेल्या भाकरीचा चुरा तळहातावर धरला.

"तुझं पोट भरलं का गं?" परीनं विचारलं.

"नाही. पण तुम्ही पाहुण्या."

परी खुदकन हसली. "माग, काय हवं ते. पण स्वतःसाठी नाही हं."

"आईनं आमच्या घरात काय काय आणलंय, ते दादांना दिसू दे."

"दिसायचं तर आधी हरवावं लागतं, बाळ. त्या सगळ्याचा रंग जाईल. दादांनी स्वतःच्या तोंडानं खरं सांगितलं, तरच परत येईल. दव सुकायच्या आत. आणि तू मधे बोलायचं नाही."

शेवंतानं मान हलवली. परीनं टिचकी वाजवली.

दादा बैल घेऊन बांधापाशी आले, मागोमाग आई. एवढ्यात दादांचं लालचुटूक पागोटं धुक्यासारखं फिकट झालं. सदऱ्याचा रंग गेला. नांगराच्या दोरीचाही गेला. बियाण्याच्या टोपलीतली मोत्यासारखी ज्वारी पाण्यासारखी बेरंग झाली. आणि तांबडा पवळ्या बैल तर निम्माच पांढरा झाला. बाळांनो, घाबरू नका, त्याला काही दुखलं नाही. तो शेपटी हलवत उभा होता.

"हौसे, हे काय झालं गं?"

"मला काय ठावं? पागोटं तर पंचमीला दोडके विकून आणलेलं."

दादांनी पागोटं काढून हातात घेतलं. दव भराभर सुकत होतं. शेवंतानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"पागोटं हिचं," दादा पुटपुटले. पागोटं लालभडक झालं. ते दचकले. मग सदऱ्यावर हात ठेवला. "हा पण हिनंच आणला." सदरा निळा झाला. "दोरी बी हिचीच." दोरी पिवळी झाली. "पवळ्याचा चारा माझा, पण पेंड हिच्या घेवड्यावर येते," म्हणताच बैल पुरता तांबडा झाला.

राहिली फक्त टोपली. पानावर एकच थेंब उरला होता.

"ज्वारी तर माझी," दादा म्हणाले. दाणे तसेच. थेंब घरंगळू लागला. शेवंताचे डोळे भरून आले, पण ओठ मिटलेलेच.

दादांनी टोपलीत हात घातला. मग हळूच आईकडं बघितलं. "मागल्या दुष्काळात सगळं खाऊन संपलं होतं. हे बियाणं तू अंबाडी विकून आणलंस. मी विसरलो."

दाणे मोत्यासारखे लखलखले, आणि थेंब मातीत विरला.

दादांनी बैल सोडले. "बांध राहू दे. आणखी काय लावू, सांग."

"भेंडी. पण रोपांना आळी तुम्ही करायची," आई म्हणाली.

परी शेवंताच्या कानाशी आली. "तुझ्या घरात आता कधी कुणी उपाशी झोपायचं नाही." तिनं पंख झटकले. सगळा बांध फुलांनी भरून गेला, जांभळा, पांढरा, सोनेरी. ऊन वर आलं, आणि त्या सोनसळी झोतात परी मिसळून गेली.

ज्याच्या शेताला बांध आहे, त्याला ही गोष्ट नक्की सांगा. आणि त्याच्या घरच्या बाईला ऐकू जाईल, इतक्या मोठ्यानं सांगा.