तारमास्तरांची टकटक

निवृत्त तारमास्तर धायगुडे आजोबांच्या मोबाइलमध्ये वारलेल्या पत्नीच्या आवाजातला शेवटचा निरोप होता. तो काही केल्या लागेना, म्हणून त्यांनी शेजाऱ्यांच्या फोनवरून मदतकेंद्राला विचारलं. तिथली शर्वरी कोणती खूण दाबायची ते चौथ्यांदा समजावत होती, तेवढ्यात तिचे साहेब मध्ये पडले.

"आजोबा, एकदा सांगितलेलं कळत नाही?"

पलीकडून टकटक ऐकू आली.

"साहेब, तारेच्या भाषेत बोललो. काय म्हणालो?"

"मला कसं कळणार?"

"मग चूक माझी. आमच्या तारघरात निरोप पोचला नाही, तर पाठवणाराच पुन्हा वाजवायचा."

साहेब बाजूला झाले. शर्वरीने पाचव्यांदा सांगितलं. निरोप लागला, "अहो, गोळ्या घेतल्यात ना?"

"घेतल्या गं," आजोबा म्हणाले.

शर्वरीने फोन ठेवला नाही.