घासलेला ठोका

एकदा एक हळदीचा व्यापारी एका वृद्ध मिस्त्रीच्या दारी आला. त्याच्या मागे ट्रकवर साखळ्यांनी बांधलेली एक जुनी गाडी होती. दोन दारांची, बसक्या छपराची, तांबडी. तरुणपणी हौसेने घ्यावी आणि संसार वाढला की विकून टाकावी, अशी ती गाडी. व्यापाऱ्याने मात्र ती विकली नव्हती. नऊ वर्षे ती हळदीच्या गोदामात पोत्यांमागे उभी होती. वाकलेला पत्रा त्याने नुकताच दुसऱ्या एका कारखान्यात सरळ करून रंगवून घेतला होता, निकामी झालेले भाग मूळच्यासारखेच नवे बसवून घेतले होते. रंग कोरा होता, पण आसनांच्या शिवणीत अजून पिवळी धूळ होती.

मिस्त्रीला सारे गाव वस्ताद म्हणत असे. त्या मुलखात कुस्ती शिकवणारा वस्ताद आणि लोखंड शिकवणाराही वस्तादच. पन्नास वर्षे त्याने इंजिने उघडली आणि बांधली होती. त्याच्या हाताखाली दस्तगीर नावाचा शिष्य चौदा वर्षे होता. मिशीत पांढरे केस येऊ लागले तरी दस्तगीर स्वतःला शिष्यच म्हणवी.

व्यापारी म्हणाला, "ही माझ्या थोरल्याची, सन्मतीची. नऊ वर्षांमागं घाट उतरताना ह्याच गाडीत गेला. मस्तीत गेला. वेगाची खाज हुती अंगात, दुसरं काय? आता धाकटा, अकलंक, म्हणतोय की दादाच्या गाडीनं त्याच घाटातली शर्यत मारणार. लई नको म्हटलं. मग म्हटलं, थोरल्यानं घालवलेलं नाव धाकट्यानं तरी मिळवावं. इंजिन नवं करा वस्ताद. आणि जोर वाढवा."

एक मुलगा गमावलेल्या बापाने दुसऱ्याला त्याच गाडीत, त्याच घाटात का धाडावे? विचारायला सोपे आहे. ज्याच्या घरात असा मृत्यू पडून राहिला आहे त्याला ते इतके सोपे वाटत नाही. दुःखालाही कधी कधी जिंकून दाखवायचे असते, आणि त्या वेळी ते कोणाचे ऐकत नाही.

वस्ताद बराच वेळ गाडीकडे पाहत राहिला. त्याने बॉनेटला हात लावला नाही. मग शिष्याला म्हणाला, "दस्तगीर, हे काम तुझं. मी शिवणार न्हाई. अडलं तर इचार." थोडे थांबून तो पुन्हा म्हणाला, "न अडलं तरी इचार."

दस्तगीरला हर्ष झाला. हे काम एकट्याने पार पाडले तर वस्तादाची जागा आपली, हे त्याला न सांगता कळत होते.

त्या कारखान्यात एक रीत होती. इंजिन बांधून झाले की ते लोखंडी घोडीवर चढवून अर्धा तास चालवायचे. मग तेल काढून त्यात लोखंडाचा कीस दिसतो का ते पाहायचे. तेल स्वच्छ निघाले की इंजिन उलटे करून खालचे झाकण काढायचे, ब्लॉकच्या आतल्या कडेवर बांधणाऱ्याने छिन्नीने आपली खूण आणि साल ठोकायचे, आणि मगच झाकण पुन्हा बसवायचे. या खुणेला ते ठोका म्हणत. झाकण बसले की तो ठोका कोणाला दिसत नसे. पुन्हा कोणी ते इंजिन उघडले तरच दिसे.

तिसऱ्या दिवशी दस्तगीरने झाकण उघडले, कडेवरचे काळे तेल चिंधीने पुसले, आणि त्याच्या हातातली चिंधी तशीच राहिली. आत दोन टिंबे होती, त्यांखाली एक आडवी रेघ आणि साल. ही खूण तो चौदा वर्षे रोज पाहत आला होता. ती वस्तादाची होती, आणि साल होते सन्मती गेला तेच.

त्याला पुढचे सारे दिसू लागले. चाचणीच्या दिवशी शेठ इथे उभा राहणार, इंजिन उलटे होणार, शेठ ही खूण कोणाची म्हणून विचारणार. उद्या सारे गाव म्हणेल, वस्तादाच्या इंजिनाने पोर खाल्ले. ज्या माणसाने आपल्याला पाना धरायला शिकवला, त्याची म्हातारपणी अशी शोभा? दस्तगीरने कानस घेतली. आधी जाड, मग बारीक, शेवटी पॉलिश कागद. तासाभरात कड आरशासारखी झाली. आपण गुरूचे ऋण फेडले, असे त्याला वाटले. असे ऋण फेडणारे शिष्य आपल्याकडे उदंड आहेत, आणि त्यांचे कौतुकही होते.

पुढचे दोन महिने तो त्या इंजिनात बुडून गेला. सिलिंडर आणखी रुंद करून त्यांत मोठे पिस्टन बसवले, हेड घासून घेतले, झडपा जास्त उघडणारी नवी कॅमशाफ्ट घडवून आणली. एका कार्बोरेटरच्या जागी दोन मोठे आले. काम इतके देखणे झाले की शेजारच्या कारखान्यांतले मिस्त्री चहा घेऊन बघायला येत. जोर मूळच्या दीडपट झाला होता. चाकांकडे मात्र दस्तगीरने पाहिले नाही, कारण त्याला इंजिन करायला सांगितले होते आणि त्याने इंजिन केले.

रोज सकाळी वस्ताद दारात येऊन उभा राही. "काय इचारायचंय का?"

"न्हाई वस्ताद. समदं बरोबर चाललंय."

म्हातारा क्षणभर तसाच उभा राही आणि माघारी फिरे. शिष्यावर आपला विश्वास आहे म्हणून तो आत येत नाही, असे दस्तगीर धरून चालला होता.

चाचणीचा दिवस उजाडला. शर्यत चार दिवसांवर, रविवारी होती. व्यापारी नारळ घेऊन आला, सोबत अकलंक. बावीस वर्षांचा तो मुलगा इंजिन नसलेल्या गाडीत जाऊन बसला आणि उगाच गिअर टाकून पाहू लागला. नारळ फुटला. घोडीवरचे इंजिन सुरू झाले आणि कारखान्याचे पत्रे थरथरले. व्यापाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले. "असाच आवाज हुता," तो म्हणाला. "गल्लीच्या तोंडाशी आला की त्याची आई ताट वाढायला घ्यायची."

अर्ध्या तासाने तेल पांढऱ्या परातीत काढले. त्यात कीस नव्हता. इंजिन उलटे झाले, झाकण निघाले. दस्तगीरने छिन्नी कडेवर टेकवली.

"थांब," वस्ताद म्हणाला.

तो जवळ आला. त्याने त्या गुळगुळीत जागेवरून बोट फिरवले, एकदा आणि पुन्हा एकदा. "हितं काय हुतं?"

"काय न्हाई वस्ताद. गंज हुता."

वस्तादाने शिष्याच्या हातून छिन्नी आणि हातोडा घेतला. त्याचे घाव सरळ पडत होते. त्याने दोन टिंबे ठोकली, एक रेघ ठोकली, मग चार आकडे. दस्तगीरला काही उमगेना. काम आपले, आणि खूण वस्ताद स्वतःची मारतो आहे? व्यापारी वाकून बघत होता. तो म्हणाला, "वस्ताद, साल चुकलं की. हे तर नऊ वर्षांमागचं."

"साल बरोबर हाय, शेठ. चुकलं ते दुसरंच."

वस्ताद आपल्या बाकापाशी गेला. खालच्या खणातून त्याने चिंध्यांत गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि व्यापाऱ्याच्या हाती दिली. तो ब्रेकच्या पेडलचा लोखंडी दांडा होता, मध्येच वाकलेला.

"सन्मती माझ्याकडं आलता," वस्ताद म्हणाला. "घरी सांगू नका म्हणाला, वडलांस्नी चालायचं न्हाई. मी रातच्याला, दस्तगीर घरी गेल्यावर, इंजिन उघडलं. जोर वाढवून दिला, मूळच्या सव्वापट. काम लई झ्याक झालं. पर ब्रेक हुतं जुनंच, मूळच्या जोराला पुरतील एवढंच. पोरानं इंजिन सांगितलं, मी इंजिन केलं. चाकं उघडून बघितली न्हाईत. पंधरा दिसांनी ते घाट उतरत हुतं. ब्रेक तापलं, आणि तापलेलं ब्रेक धरत न्हाईत. मी पोलिसांच्या आवारात जाऊन गाडी बघून आलो. चारी चाकांचं ब्रेकचं लायनर जळून कोळसा झालतं. आणि हा दांडा, तिथनंच मागून आणलेला. पायाच्या जोरानं वाकलाय, शेठ. तुमच्या पोरानं ब्रेक सोडला नव्हता. मस्तीत न्हाई गेला ते. शेवटपतुर थांबायला बघत हुतं."

गाडीतले गिअरचे खटके केव्हाच थांबले होते.

मग वस्ताद शिष्याकडे वळला. "दस्तगीर, ठोका मालकासाठी नसतोय. मालक कवा इंजिन उलटं करून बघतोय? तो फुडल्या मिस्त्रीसाठी असतोय. आपल्या आधी ह्यात कुणाचा हात गेला, ते त्याला कळावं, आणि त्यानं यिऊन इचारावं. तू इचारलं असतंस तर मी सांगितलं असतं की लेका, जोर वाढवलास, आता ब्रेक बदलल्याबिगर ही गाडी दाराभायेर काढू नगंस. तू माझी अब्रू झाकाया गेलास. माझ्या खुणेसंगं तेवढी गोष्ट बी घासून टाकलीस. रविवारी हे दुसरं पोरगं त्याच घाटात, तसल्याच ब्रेकवर उतरलं असतं. आणि इंजिन तेवढं एक नंबर, म्हणून लोकांनी तुझी पाठ थोपटली असती."

चौदा वर्षांत पहिल्यांदा दस्तगीरने गुरूला उलट प्रश्न केला. "मग तुमीच का न्हाई सांगितलंसा, वस्ताद? गाडी दारात आली त्याच दिशी?"

"भ्यालो," वस्ताद म्हणाला. "रोज दारात यिऊन हुबा ऱ्हायचो. तू इचारलंस की सांगू, म्हणत. आज तर इचारंल, उद्या तर इचारंल. नऊ वर्सं असाच दिस ढकललाय. तू कानशीनं पुसलंस, मी तोंड मिटून पुसलं. माझं पाप तुझ्याहून मोठं हाय."

व्यापारी एका जुन्या टायरवर बसला होता. दांडा जिथे वाकला होता तिथे त्याचा अंगठा पुन्हा पुन्हा फिरत होता. तो बोलला तेव्हा त्याने कोणाकडेही पाहिले नाही.

"मस्तीत गेला, मस्तीत गेला, असं मी नऊ वर्षं म्हणतोय. घरात त्याचा फोटो लावू दिला न्हाई मी. त्याची आई म्हणायची, माझं लेकरू तसलं न्हवतं. मी तिच्यावर खेकसायचो. लाडानं तूच बिघडवलास म्हणायचो. दोन वर्षं झाली, ती गेली. जाताना बी गप्पच गेली." त्याने मान वर केली. "आता हे तिला कुणी सांगायचं, वस्ताद?"

जे बोलायला उशीर झाला, ते कितीही खरे असले तरी ज्याने ऐकायला हवे होते तो निघून गेलेला असतो. कथेतल्या वृद्धाने शेवटी काहीतरी शांतवणारे बोलावे अशी आपली अपेक्षा असते. या वृद्धाने फक्त मान खाली घातली, आणि मला वाटते तेवढेच त्याला शोभत होते.

अकलंक गाडीतून उतरला. त्याने दार लावले, बापाच्या दंडाला धरून त्याला उठवले. "चला आप्पा," तो म्हणाला, "घरी जाऊया. दादाचा फोटो लावूया." गाडी तिथेच राहिली. दांडा व्यापाऱ्याने बरोबर नेला. जाताना त्याने वस्तादाला नमस्कार केला नाही, आणि वस्तादानेही क्षमा मागितली नाही. काही गोष्टी मागून मिळत नाहीत, हे दोघांनाही कळत होते.

ते गेल्यावर वस्तादाने छिन्नी आणि हातोडा शिष्यापुढे धरला. "तुझा ठोका मार. काम तुझं हाय."

दस्तगीरने हात पुढे केला नाही. कोपऱ्यातला जॅक ओढत नेऊन त्याने गाडीखाली लावला आणि पुढचे चाक सोडवू लागला.

"कवा मारणार मग?" वस्तादाने विचारले.

"ब्रेक झाल्यावर," दस्तगीर म्हणाला. "आणि वस्ताद, हितं बसा. आजपतुर बांधलेल्या इंजिनांत तुमचं काय काय चुकलं, ते समदं सांगा. मी चाक खोलतो, तुमी सांगा."

म्हातारा त्याच टायरवर बसला. तो सांगू लागला, आणि दिवेलागणीपर्यंत सांगत होता.

ज्याच्यावर आपली श्रद्धा आहे त्याची चूक पुसायला आपला हात जाईल, तेव्हा क्षणभर थांबून एवढेच पाहावे, की आपल्यामागून त्याच घाटात कोण उतरणार आहे.