राणीच्या गुडघ्यांवरचे लोहचुंबक

डोंगरापलीकडे एक राजा होता आणि त्याची राणी होती चंद्रावळ. बागेत फिरायची तिला भारी हौस. पण वय झालं, गुडघे धरले. जिना उतरवेना. वैद्यांचा लेप चालू होता, पण रोज रोज लेप लावून राणी कंटाळली.

मग काय झालं, मुरार नावाचा एक फेरीवाला आला. त्याच्याकडे लोहचुंबकाचे काळे दगड होते. लिंबाएवढेच, पण जोर असा की हातभर लांबचा खिळा उडत यायचा. मुरार म्हणाला, हा लोखंड ओढतो, तशी दुखही ओढतो. राणीला पटलं. तिनं दोन्ही गुडघ्यांना पट्टीनं एकेक दगड बांधला आणि लेप बंद केला.

पहिल्या दिवशी तिला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सूज आली. तिसऱ्या दिवशी ती पाय जवळ घेऊन बसली, आणि खट्कन दोन्ही दगड एकमेकांना चिकटले. मधे कातडी चिमटली, बरं का. राणीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग राजानं ओढलं. निघेनात. मग दोन पहिलवानांनी ओढलं. राणी कळवळली, दगड हलेनात. मग दासी पट्टी कापायला गेली, तर कात्रीच जाऊन चिकटली.

शेवटी गोजरा लोहारणीला बोलावलं. ती म्हणाली, "सरळ ओढून हा सुटायचा नाही. याला बाजूला सरकवायचा." तिनं हळूहळू एक दगड वर सरकवला. गुडघे सुटले.

राणीनं विचारलं, मग यानं माझी दुख का नाही ओढली?

गोजरा म्हणाली, "माझ्याकडेही असा दगड आहे, राणीसाहेब. राखेत सांडलेले खिळे तो वेचून देतो. पण भट्टीपाशी वाकून माझी कंबर रोज दुखते, तिला तो काही करत नाही."

राजा संतापला. मुरारला पुढे आणलं. बिचाऱ्यानं हात जोडले. म्हणाला, मी फसवलं नाही, माझ्या आईला यानंच बरं वाटलं होतं.

राणीनं त्याला जवळ बसवलं. "दगड बांधल्यावर तू काय करायचास रे?"

"काही नाही. रोज संध्याकाळी तिचे पाय चेपत बसायचो."

राणीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "अरे, मग त्या चेपण्यानंच बरं वाटलं असेल तिला."

मुरार मान खाली घालून रडला. सगळे दगड त्यानं गोजराला खिळे वेचायला देऊन टाकले आणि सुयादोरे विकायला लागला.

राणीनं पुन्हा लेप धरला. आणि रोज संध्याकाळी राजा स्वतः कोमट तेल घेऊन तिच्या पायांशी बसायला लागला. दुख सगळी गेली नाही हं. पण महिन्याभरात राणी त्याचा हात धरून जिना उतरली.

ती दोघं गेली बागेत, आणि तुम्ही आता शिरा गोधडीत. या इकडे, पाय चेपते.