शेवंता, परी आणि जोडीची दौड

हिरव्यागार डोंगराच्या कुशीत बकुळवाडी नावाचं एक चिमुकलं गाव होतं आणि त्या गावात शेवंता नावाची मुलगी राहायची. घर एवढंसं, कौलं फुटकी, आणि भाकरी असली तर कालवण नसायचं. पण शेवंताला त्याचं फारसं काही वाटत नसे. तिला वाईट वाटायचं ते आबांचं.

आबा म्हणजे तिचे वडील. आगीच्या लालचुटूक बंबावरचे ते सगळ्यात धाडसी जवान होते. घंटा घणघणली की चकचकीत पितळी टोप डोक्यावर चढवून निघायचे. एकदा कापसाच्या वखारीला आग लागली. आत अडकलेल्या हमालाला आबांनी बाहेर काढलं, पण जळती तुळई त्यांच्याच पायावर पडली आणि पाय गुडघ्याखालून गेला. गावानं त्यांना नवा पाय करून दिला. दवाखान्यात ते त्यावर चालायलाही शिकले. मग घरी आले, तो पाय पिवळ्या फडक्यात गुंडाळून खाटेखाली सारला आणि भिंतीकडे तोंड करून जे बसले ते बसलेच. आई हार-गजरे विकून घर चालवायची. आबांना कुणी काही सांगायला गेलं, की ते विचारायचे, आता मी कुणाच्या कामाचा?

रोज सकाळी शेवंता बंबघरामागच्या बागेत फुलं वेचायला जायची. बाग कसली, रंगांची जत्राच होती ती. केशरी झेंडू, जांभळी गुलबक्षी, पांढरीशुभ्र इवलाली जुई, आणि पानापानावर लुकलुकणारे दवाचे थेंब. एका सकाळी तिला फणसाच्या झाडामागून बारीक मुसमुसणं ऐकू आलं. जाऊन बघते तर काय, खोडाला करंगळीएवढी परी चिकटलेली. अंगात चांदणीच्या रंगाचा झगा, पाठीला निळे-सोनेरी पंख, आणि पंख फणसाच्या चिकात पक्के रुतलेले. परी झाली म्हणून काय झालं, फणसाचा चीक कुणालाच सोडत नाही.

शेवंता तश्शी घरी पळाली. बाटलीत खोबरेल तेलाचे चार थेंब उरले होते. आईला विचारून तिनं ते ओंजळीत आणले आणि कापसाच्या बोळ्यानं हळूहळू, अगदी हळूहळू एकेक पंख मोकळा केला. परीनं पंख झटकले. तेलानं ते आणखीच चकाकत होते.

परी म्हणाली, "किती गं मऊ हात तुझे. माझ्याकडे एक इच्छा आहे, ती मी तुला देते. पण अटींशिवाय इच्छा द्यायची आमच्यात पद्धत नाही."

अटी तशा सोप्या होत्या. इच्छा स्वतःसाठी मागायची नाही. कुणाला सांगायची नाही. आणि दुसऱ्या दिवशी गावात दौड होती, तिची घंटा वाजल्यापासून शेवटी असलेल्या फुलांच्या कमानीखालून जाईपर्यंत एकदाही मागे वळून पाहायचं नाही.

शेवंतानं डोळे मिटले आणि मनात म्हणाली, माझे आबा पुन्हा चालू देत. परीनं चिमुकली फुंकर मारली. मोहरीएवढा सोनेरी ठिपका उडाला आणि शेवंताच्या कानामागे जाऊन बसला. त्याची गुदगुल्या केल्यासारखी ऊब तिला दिवसभर जाणवत राहिली.

आता बकुळवाडीची ही दौड म्हणजे काय, ते सांगायला हवं. आगीत शिरणारे जवान, रुग्णवाहिका हाकणारे, सीमेवरून परतलेले सैनिक आणि या सगळ्यांची घरची माणसं, यांच्यासाठी सारा गाव वर्षातून एकदा धावायचा. धावायचं ते जोडीनं. बंबावरच्या जवानांची रीतच तशी होती. आगीत दोघं मिळून शिरायचं आणि दोघांनी मिळूनच बाहेर यायचं. एकाचा पाय अडला की दुसऱ्यानं ओरडायचं, "जोडी अडली," आणि ऐकणाऱ्यानं हातातलं काम टाकून धावायचं. दौडीलाही हाच नियम. कमानीखालून जोडी गेली की गावकरी तांब्याच्या मोठ्या हंड्यात धान्य टाकत, आणि ते धान्य वर्षभर त्या घरांना पुरवत. एकट्यादुकट्यासाठी मात्र दाणाही पडत नसे.

दुसऱ्या दिवशी काय ती धमाल. पोरांच्या डोक्यांवर रंगीत फेटे, मुलींच्या वेण्यांना लाल-पिवळ्या फिती, रस्त्यावर रांगोळ्यांचे मोर, आणि ढोल असा दणदणत होता की पोटात धडधडावं. शेवंताची जोडी लागली ती सुभेदार आजोबांशी. आजोबा फौजेतून निवृत्त होऊन किती वर्षं झाली ते त्यांनाही आठवत नव्हतं. मिश्या बगळ्याच्या पंखासारख्या पांढऱ्या, छातीवर पदकं, आणि ऐट तर अशी, की घंटा वाजण्याआधीच त्यांचे गुडघे वरखाली व्हायला लागले होते. पोरी, माझ्या मागं पडू नको, असं त्यांनी तिला बजावूनही ठेवलं.

घण घण घण, घंटा वाजली.

शेवंता सुसाट सुटली. कानामागचा ठिपका गरम झाला, पायांना जणू पिसं फुटली. बाजार मागे पडला, ओढ्यावरचा पूल मागे पडला, हसत-ओरडत सगळ्या जोड्या चढाला लागल्या. चढाच्या पायथ्याशी तिचं स्वतःचं घर होतं. दार नेहमीसारखं अर्धवट ओढलेलं होतं. आणखी थोडं, मग आबा चालतील, असं म्हणत ती चढू लागली. वर झेंडूची केशरी कमान दिसायला लागली होती.

तेवढ्यात मागची पावलं थांबली. नंतर काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला.

"आजोबा?" तिनं पुढेच बघत विचारलं.

"तू म्होरं हो, पोरी," मागून आवाज आला. "म्या आलोच."

पण आवाज बसका होता आणि पावलं वाजत नव्हती. मागे पाहिलं तर इच्छा गेली. नाही पाहिलं तर आजोबा एकटे. तिला कमानीपर्यंत पळून जावंसं फार वाटलं, खोटं कशाला सांगू. पण ती आबांची मुलगी होती, आणि आबांनी त्या धुरात कुणाला एकटं टाकलं नव्हतं.

ती वळली.

कानामागचा ठिपका एकदा लुकलुकला आणि विझला. तिथं गारगार लागलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, तरी ती उतारावरून खाली धावली. सुभेदार आजोबा धुळीत बसले होते. पाय मुरगळून चांगलाच सुजला होता आणि ते उगाचच मिश्या पुसत होते. शेवंतानं त्यांना उठवायचा प्रयत्न केला, पण एवढीशी पोर, तिला ते कुठलं झेपायला. मग तिनं छातीभर श्वास घेतला आणि जिवाच्या आकांतानं हाक मारली, "जोडी अडली! जोडी अडली!"

चढावरच्या सगळ्या जोड्या थबकल्या. हाक ऐकून पुढे जाणारा माणूस बकुळवाडीत जन्मलाच नव्हता. लाल, पिवळे, हिरवे फेटे गर्रकन वळले आणि रंगीत लोंढा उताराला लागला. पण त्यांच्याही आधी खाली एक दार धाडकन उघडलं.

दारात आबा उभे होते.

खाटेखालचा पाय त्यांनी ओढून काढला होता, घाईघाईत पट्टे आवळले होते, आणि चौकटीला धरून ते धापा टाकत होते. त्यांनी चौकट सोडली. एक पाऊल टाकलं. डगमगले. दुसरं टाकलं. मग खटक-टप, खटक-टप करत ते चढ चढत आले, आणि शेवंता बघतच राहिली.

"कोन अडलंय?" आबांनी विचारलं.

"सुभेदार आजोबा," ती कशीबशी म्हणाली. "आबा, तुमी..."

"त्ये मागनं बोलू. तू डावा हात धर."

आबांनी उजवीकडून खांदा दिला, शेवंतानं डावीकडून, आणि तिघं कमानीकडे निघाले. बाकीच्या जोड्या त्यांच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू चालू लागल्या, कुणी पुढे म्हणून गेलं नाही. ढोलवाल्याला तर इतका आनंद झाला की त्याचा ठेकाच चुकला. कमानीखालून सगळा गाव एकदम गेला, आई रडत-हसत पुढे आली, आणि आता कुठल्या जोडीचं धान्य टाकायचं हे न कळून लोकांनी पोतीच्या पोती हंड्यात ओतली.

कमानीवरच्या एका झेंडूत परी बसली होती. ती शेवंताला एकटीलाच दिसली.

"मी काही केलेलं नाही हं," परी गोंधळून म्हणाली. "तुझी इच्छा तर विझली होती. तुझ्यासाठी मी इथं रडत बसले होते."

"मग आबा कसे चालले?"

"तू हाक मारलीस म्हणून," परी म्हणाली. "एवढी जादू मला येत नाही. मला येते ती ही थोडीशी."

तिनं पंख पसरले. निळा, सोनेरी, गुलाबी उजेड कमानीवरून सांडला, हंड्यावर झिरमिरला, माणसांच्या केसांत चमचमला, आणि त्या झगमगाटात परी दिसेनाशी झाली. त्या हंड्यातून पुढे कुणीही कितीही धान्य नेलं, तरी तो रिता झाला नाही. जवानांच्या आणि सैनिकांच्या एकाही घरात त्या वर्षी चूल थंड राहिली नाही.

घरी परतताना आबांनी शेवंताचं बोट धरलं होतं. घराचं दार दिसलं तसे ते थांबले. मग हळूच म्हणाले, "पोरी, मला पुन्हा हाक मारशील ना गं?"

"मारीन की," शेवंता म्हणाली. "रोज मारीन."

तिच्या हाकेला जसे आबा उठून आले, तसं बाळांनो, तुमच्या हाकेलाही कुणीतरी उठून येवो, आणि कुणी हाक मारली तर तुमचेही पाय वळोत.