थोरल्यांचा कोट

सगळ्यांचा वाटा सारखा, असा त्या देशात कायदाच होता. तो करणारे थोरले कॉम्रेड वारले आणि त्यांच्या खुर्चीवर धाकटे बसले. धाकट्यांनी थोरल्यांची तत्त्वं मोडली, अशी कुजबुज सुरू झाली. ती बंद पाडायला धाकट्यांनी ठरवलं, की क्रांतिदिनी थोरल्यांचाच कोट घालून भाषण ठोकायचं.

कोट आला, पण पोटावर गुंडी लागेना.

"कोट आटलाय," मंत्री एका सुरात म्हणाले.

तो कोट शिवणाऱ्या म्हाताऱ्या मिरेक शिंप्याला बोलावलं. "खरं सांग, कोट आटला की मी बदललो?" धाकट्यांनी दरडावलं. कोट आटला म्हणावं तर थोरल्यांचा अपमान, धाकट्यांचं पोट सुटलं म्हणावं तर तुरुंग.

मिरेकनं कोट उलटा करून शिवण दाखवली. "चूक माझीच, कॉम्रेड. गिऱ्हाईक पुढंमागं सुटेल म्हणून आम्ही शिवणीत चार बोटं जास्तीचं कापड ठेवतो. इथं ठेवलं नाही."

"का नाही ठेवलंस?"

"थोरल्यांनी ठेवू दिलं नाही. म्हणाले, 'हा कोट घालणारा वाट्यापेक्षा जास्त खायला लागला, तर ते गुंडीनंच लोकांना सांगावं.'"