वेताची खुर्ची
बुरूडआळी तीन पिढ्या नगरपालिकेच्या जागेवर उभी होती. त्या जागेवर एका बिल्डरचा डोळा आहे असं कळलं, तेव्हा आळीने संस्था काढून जागा रीतसर विकत मागितली. अट एकच घातली. घरं पोराबाळांकडे जातील, पण जमीन कायम संस्थेची राहील आणि ती कुणालाच विकता येणार नाही.

नगराध्यक्ष भालचंद्ररावांनी भर सभेत अर्ज वाचला आणि बाजूला सारला. "विकता येत नाही, ती कसली मालकी? अशा जमिनीचं काय लोणचं घालणार?"

सभागृह हसलं. आळीतर्फे आलेल्या अनसूयाबाई वडतिले हसणं थांबेपर्यंत थांबल्या. सुपं-टोपल्या विणणाऱ्या बाईला घाई नसतेच.

"साहेब, तुमच्या खुर्चीची बैठक माझ्या सासूबाईंनी वेताने विणली. पुढे दोनदा मी ती नवी करून दिली. तुमच्या आधी तिच्यावर किती जण बसले?"

"पाटीवर नावं आहेत. सतरा."

"त्यातल्या कुणी ती विकली नाही?"

"विकणार कशी? खुर्ची पालिकेची आहे."

"म्हणून तर तुम्हाला मिळाली. सतरांतल्या एकाला जरी विकता आली असती, तर आज तुम्ही उभे असता. आमच्याही मागून कुणीतरी येणारच आहे, साहेब."

भालचंद्ररावांनी मागे वळून भिंतीवरची पाटी पाहिली. सतराव्या नावाखाली त्यांच्या नावापुरती जागा रिकामी होती.

त्यांनी अर्ज पुन्हा पुढ्यात ओढला. ठराव मताला पडला, तेव्हा पहिला हात त्यांचाच वर गेला.